बुरशी आली म्हणून फेकलेली नळी

ज्यांच्या हातावर किंवा पायावर न दुखणाऱ्या गाठी एका ओळीत वर चढत आहेत, आणि त्या कशाच्या आहेत हे ज्यांना अजून कोणी सांगू शकलेले नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. मी डॉक्टर नाही. नागपूरच्या एका दैनिकाचा चांद्याचा बातमीदार आहे. जे पाहिले ते घडले त्या क्रमाने लिहितो. एक गोष्ट मात्र पाहूनही वेळेवर लिहिली नव्हती. तीही पुढे येईल.

कूस

नागपूरची राजधानी गेली, त्यानंतरचा हिवाळा. धानोऱ्याच्या पुढे एका कूपात, म्हणजे जंगलखात्याने त्या वर्षीच्या तोडीसाठी आखून दिलेल्या भागात, बांबूतोड चालू होती. कागदाच्या कारखान्याकडे जाणाऱ्या या बांबूवर चार परिच्छेद पाठवायचे होते. मागल्या हंगामात उरलेल्या बांबूच्या ढिगावर बसून मी टिपणे घेत होतो. ढीग दवाने ओला होता आणि काळा पडला होता. फाउंटन पेन निसटून त्यात गेले. त्याच्यामागे मी उजवा हात घातला.

पेन मिळाले नाही. बांबूची दीड इंची कूस, म्हणजे टोकदार सळ, मात्र तर्जनीत शिरली.

तोडीवरचा एक गडी पुढे आला. लालसू त्याचे नाव, जवळच्याच गोंड पाड्यावरचा. त्याने चाकूच्या टोकाने बोट उकलले आणि कूस ओढून काढली.

"हालू नोका दादा. अर्दी निंगली, अर्दी आत राह्यली तं सडते."

पूर्ण निघाली. रक्त आले, थांबले. मी उसन्या शिसपेन्सिलीने टिपणे पुरी करून संध्याकाळच्या ट्रकने परत निघालो.

गाठी

तीन आठवड्यांनी बोटावर फोड आला. फुटला, पण भरला नाही. मग मनगटापाशी वाटाण्याएवढी गाठ आली, तिच्यावर चार बोटांनी दुसरी, मग तिसरी. दोऱ्यात ओवल्यासारख्या त्या एका रेषेत कोपराकडे निघाल्या होत्या. दुखत मुळीच नव्हत्या. ताप नव्हता. मी बाहीची बटणे लावून हिंडत होतो.

माझी पत्नी कमल हिने ते आंघोळीच्या वेळी पाहिले.

"मोठे बातमीदार म्हणवता," ती म्हणाली, "अन् सोताच्या हाताची बातमी महिनाभर दाबून ठेवली?"

तो शब्द

चांद्याच्या डॉक्टरांनी आधी पेनिसिलिनची इंजेक्शने दिली. उपयोग झाला नाही. मग एके सकाळी त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि हातावर कोंबडीचे पीस फिरवले. "कळते?" कळत होते. नंतर सुई टोचली. कळत होती. त्यांनी कोपरामागची शीर चाचपली. ते काय शोधत आहेत हे मला उमगले. या जिल्ह्यात वाढलेल्या कोणालाही उमगले असते.

"संवेदना आहे, म्हणजे बहुतेक नाही," ते म्हणाले. "पण खात्री देत नाही. नागपूरला जा."

महारोग हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, मीही नाही. 'बहुतेक' हा शब्द मी रोज बातमीत वापरतो. तो ऐकणाऱ्याला कसा लागतो, हे त्या दिवशी कळले.

नागपूरला खाट रिकामी व्हायला अकरा दिवस लागणार होते.

ताट

वरोऱ्याहून माझे थोरले भाऊ आले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी हात दुरूनच पाहिला, आमच्या पाच वर्षांच्या मुलीला, मंजूला, सोबत नेण्याचे ठरवले आणि माझ्या ताटाच्या काठावर खिळ्याने खूण केली.

"राग मानू नकोस. पोरीचं लग्न व्हायचं आहे पुढं."

"पाच वर्षांची आहे ती, दादा."

"म्हणूनच आत्ता बोलतो."

आमच्या घरी नवरा जेवून उठला की बायको त्याच ताटात वाढून घेते. दादांनी कमलला ते बंद करायला सांगितले. तिने बंद केले. मी जेवून ताट मोरीत ठेवायचो आणि ती राखेने ते वेगळे घासायची.

नवव्या दिवशी दुपारी मी टपालकचेरीतून लवकर परत आलो. कमल स्वयंपाकघरात एकटीच जेवत होती. ताटाच्या काठावर खूण होती.

"हे काय?"

"काय म्हणजे? जेवून राह्यली." तिने घास संपवला. "दादांले सांगू नका. म्हाताऱ्या माणसाले उगीच झोप नाई यायची."

तोपर्यंत माझ्या रोगाला नाव मिळाले नव्हते. नाव मिळाल्यावर तिने असे केले असते तर मी त्याला समजूतदारपणा म्हटले असते. त्या दिवशीच्या कृतीला काय म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वॉर्ड

पहाटे साडेपाचला घंटा. थर्मामीटर, चहा, फिनाइलचा वास. सातला स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन, कारण आता कातडीच्या क्षयाचा संशय होता. नऊला मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे विद्यार्थ्यांची रांग. रांगेतला प्रत्येक जण हात पाही, कोणी हात लावत नसे.

माझ्या गाठीतला पू दोनदा काढून प्रयोगशाळेत गेला. पहिल्या तपासणीचा निकाल एका ओळीचा आला: 'नमुना दूषित, पुन्हा पाठवावा.'

मोठ्या डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात सांगितले, "बोट काढू. गाठी कोपराच्या वर गेल्या तर पुढचा विचार करावा लागेल. येता मंगळवार."

मी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव सुरू केला. माझे नाव लिहायला पाव तास लागे आणि ते मंजूने लिहिल्यासारखे दिसे. शेजारच्या खाटेवर काटोलचे एक गृहस्थ प्लॅस्टरमधला पाय टांगून पडले होते. ते रोज हे पाहत.

"लिवा भाऊ, डाव्या हातानं लिवा," ते म्हणाले. "तसंही तुमचा पेपर आमच्याकडं भजे बांधाच्याच कामी येते. भज्याले काय कळते, कोन्या हातानं लिवलं?"

मी हसलो. आजारपणात ज्या दयेचा उपयोग होतो ती बहुधा या जातीची असते.

गणपतभाऊ

मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी जे घडले ते मी नंतर प्रयोगशाळेतल्या दोन माणसांकडून वेगवेगळे ऐकून ताडून पाहिले. दोन्ही हकिगती जुळतात.

प्रयोगशाळेत काचेच्या नळीत जंतूंचे अन्न थिजवून त्यावर पू लावतात आणि काय उगवते ते पाहतात. त्यात हवेतली बुरशी पडली तर नमुना खराब झाला असे समजतात. लोणच्याला बुरी आली की घरातल्या बाईला जसे वाटते, तसे ते तिथल्या माणसांना वाटते. अशी नळी मोठ्या डॉक्टरांच्या नजरेस पडण्याआधीच उकळून धुतात.

धुण्याचे काम गणपतभाऊ करीत. वय साठीकडे झुकलेले, नोकरीची बहुतेक वर्षे याच मोरीवर गेलेली. त्या शुक्रवारी त्यांच्या टोपलीत माझी दुसरी नळी आली. त्यांनी ती धुतली नाही. ते ती घेऊन डॉक्टर बाईंकडे गेले. बाई प्रयोगशाळेत नव्याने आल्या होत्या.

"बाई, हे नळी धुवाची का?"

"बुरशी आलीय ना? मग धुवा."

"धुतो. पन मागच्या टायमाले याच मानसाची नळी खराब झाली होती. असीच. आधी दुधाच्या सायीवानी, मंग मधातून काळी. मीच धुतली." त्यांनी नळी पुढे केली. "हवेतली बुरशी होय तं याच्याच घरी काऊन येते बाई? बाजूच्या नळ्या तं साफ आहेत."

बाईंनी नळी हातात घेतली. गणपतभाऊ म्हणतात, त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली. मग बसल्या, आणि मग मोठ्या डॉक्टरांकडे धावत गेल्या. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. पुढे ती झालीच नाही.

ज्याला सगळे बिघाड समजत होते, तोच रोग होता.

पाहणे

बाईंनी मला स्वतः बोलावून नळी दाखवली. आत सुरकुतलेला, ओलसर, साखरेच्या पाकावर साय धरावी तसा थर होता. मधला भाग काजळासारखा काळा आणि कडा पांढरी.

"हे तुमच्या हातातले," त्या म्हणाल्या. "आता इकडे पाहा."

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला मला वेळ लागला. आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग केसाहूनही कितीतरी बारीक धागे दिसले, आणि धाग्यांच्या टोकांना फुले. वेगळा शब्द मला सुचत नाही. मध्ये देठ आणि भोवती गोल मांडलेल्या कळ्या. माझे बोट ज्यापायी कापले जाणार होते ते असे दिसत होते.

"हाच जीव शरीराच्या उबेत ठेवला की धागे सोडतो आणि गोळीसारखा होतो," बाई म्हणाल्या. "बांबूवर, गवतावर, कुजक्या लाकडावर एक रूप. माणसात शिरला की दुसरे."

"त्याला कसे कळते, तो कुठे आहे ते?"

"उबेवरून. याहून जास्त मला माहीत नाही."

मी अनेक मंत्र्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. 'मला माहीत नाही' हे उत्तर इतक्या सरळपणे मी क्वचितच ऐकले होते.

तो महारोग नव्हता. क्षयही नव्हता. बुरशीचा रोग होता. माणसापासून माणसाला तो जवळपास जातच नाही. हे शेवटचे वाक्य मी बाईंकडून कागदावर लिहून घेतले आणि पहिल्या टपालाने वरोऱ्याला दादांकडे पाठवले. आठ दिवसांत मंजू घरी आली.

थेंब

औषध जुने होते, पाण्यासारखे दिसणारे, आयोडिनाचे एक मीठ विरघळवलेले. दुधात पाच थेंब, दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी एक थेंब वाढवायचा, बाई थांबा म्हणेपर्यंत. तोंडाला तांब्याची चव येई. डोळ्यांतून पाणी गळे, नाक वाहे, चेहऱ्यावर पुरळ उठले. हे औषध कोणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढे येथे सांगितलेच पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात वरची गाठ मऊ झाली. मग ज्या क्रमाने गाठी आल्या होत्या त्याच्या उलट क्रमाने बसू लागल्या. सर्वात शेवटी बोट भरले. मी उजव्या हाताने नाव लिहून कमलला दाखवले.

"डाव्या हातानंच बरं येत होतं," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

औषधातली बुरशी

पुढच्या तपासणीला बाईंनी आणखी एक नळी पुढे ठेवली. तिच्यातल्या अन्नातच त्यांनी माझे औषध मिसळले होते. माझ्या रक्तात जाते त्याहून पुष्कळ जास्त. त्यावर माझी बुरशी लावली होती.

ती छान वाढली होती. साय, सुरकुत्या, मधले काजळ, सगळे होते.

"म्हणजे पेनिसिलिनला जंतू सरावतात म्हणतात, तसे?" मी विचारले. अशा बातम्या आम्ही छापत होतो.

"सरावायला आधी औषधाने त्याला मारायला सुरुवात करावी लागते. हे औषध हिला नळीत मारतच नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

"मग माझ्या हातात ती कशाने मेली?"

"तुमच्या हातानेच काहीतरी केले असावे. औषधाने त्याला काहीतरी सांगितले असावे. काय, ते कोणालाच माहीत नाही. मला मिळालेल्या पुस्तकांत तरी नाही."

मी भरलेले बोट पाहिले, मग नळी पाहिली. ज्या औषधाने मी बरा झालो त्याच्यात ती बुरशी आरामात जगत होती. या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच उजेडात खऱ्या होत्या. गेल्या काही महिन्यांत मी पुष्कळ भ्यालो होतो. त्या क्षणी जे वाटले ते भय नव्हते.

तेवढ्यात बाईंनी सहज विचारले, "तिथे आणखी कोणाला अशा गाठी होत्या का?"

"नाही," मी म्हणालो.

न लिहिलेले

हे उत्तर खोटे होते. घरी येऊन मी कूपातली वही काढली. तिच्यात बांबूच्या लांबीची, ट्रकच्या फेऱ्यांची नोंद होती. कूस काढणाऱ्या हाताची नव्हती. पण तो हात मी पाहिला होता. चाकू धरलेला उजवा हात. मनगटापासून कोपरापर्यंत सुपारीएवढ्या गाठी, एका ओळीत. दोन फुटलेल्या. मी त्या पाहिल्या आणि नजर काढून घेतली, कारण माझ्याही मनात तोच शब्द आला होता. पाड्याबाहेर एकटे खोपटे होते, तेही मी पाहिले होते. राखणदाराचे असेल असे धरून चाललो, विचारले नाही.

वैनगंगा नावेने ओलांडून, गडचिरोलीवरून, मी चौथ्या दिवशी पाड्यावर पोचलो. खोपटे लालसूचे होते. तो दारात बसला होता. मला पाहून आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला.

"दादा, तुमचा पेन. ढीग उचलला तवा सापडला."

मी पेन घेतले. मग बाही वर केली. माझ्या हातावर बसलेल्या गाठींचे फिकट डाग होते. लालसूने आपला हात शेजारी धरला. डाग आणि गाठी एकाच वाटेने गेल्या होत्या.

गायता, म्हणजे पाड्याचा पुजारी आणि वडीलधारा, लांबून पाहत होता. तो जवळ आला. माझ्या डागांवर त्याने अंगठा दाबून पाहिला आणि गोंडीत काही विचारले.

"बुढा म्हनते," लालसू म्हणाला, "तुमाले कोनी वेगळा नाई ठेवला?"

"ठेवला होता," मी म्हणालो. "घरातच."

गायत्याने मान हलवली. लालसूला माझ्यासोबत पाठवायला त्याने हरकत घेतली नाही.

जावा

नागपूरला बाईंनी लालसूचा पू घेतला, निकालाची वाट न पाहता औषधाची बाटली दिली आणि दुधातून घ्यायला सांगितले.

"दूध नाई घेत आमी."

"मिळत नाही?"

"गाई हायेत ना. पन दूध वासराचं असते बाई. आपन कसं घ्याव?" त्याने हे लहान मुलाला समजवावे तसे सांगितले.

बाईंनी विचारले, "मग काय पिता?"

"जावा." म्हणजे तांदळाची आंबवलेली पेज.

"मग जाव्यात घ्या. पण बाटली उन्हात ठेवू नका. औषध पिवळे पडले, म्हणजे आयोडिन मोकळे झाले, तर तांदळाची पेज निळी होईल. निळी झाली तर पिऊ नका, निरोप पाठवा."

मोरीपाशी गणपतभाऊ नळ्या धूत होते. "निळी पेज!" ते म्हणाले. "इतके वर्स झाले इथी, बाई, अजून काय काय पाहाचं राह्यलं म्हनता?"

तीन नळ्या

मी कूपातून जुन्या बांबूचे तुकडेही बांधून नेले होते, या वेळी जाड हातमोजे घालून. बाईंनी ते नळ्यांत लावले. पुष्कळ नळ्यांत भलत्याच बुरश्या आल्या. एकीत साय आली, मग सुरकुत्या, मग मधले काजळ.

उन्हाळ्याच्या शेवटी बाईंनी टेबलावर तीन नळ्या ठेवल्या आणि चिठ्ठ्या भिंतीकडे वळवल्या. एक माझी, एक लालसूची, एक बांबूची. "ओळखा."

मला एकही ओळखता आली नाही. चिठ्ठ्या पाहिल्याशिवाय बाईंनाही आली नसती.

मी त्यांच्याकडे एक मागणे केले. त्यांनी लालसूची एक नळी औषधी वाफेने निर्जीव केली, तोंड लाखेने बंद केले आणि मला दिली.

पाऊस लागून वाट बंद होण्याआधी मी ती पाड्यावर नेली. लालसूच्या हातावरच्या गाठी बसत आल्या होत्या, पण खोपटे तिथेच होते. गायत्याने नळी उन्हाकडे धरून पाहिली. मग उठला, जुन्या बांबूच्या ढिगापाशी गेला, एक काळा पडलेला तुकडा उचलला आणि दोन्ही शेजारी धरले. बांबूवरचा प्रत्येक काळा डाग या बुरशीचा नसतो, हे बाईंनी मला सांगितले होते. मी ते त्याला सांगितले. लालसूने गोंडीत सांगितले. गायत्याने ऐकून घेतले आणि तरीही पाहतच राहिला.

शेवटी तो दोन शब्द बोलला आणि नळी लालसूच्या हातात देऊन निघून गेला.

"काय म्हणाला?"

लालसूला मराठीत आणायला थोडा वेळ लागला. "म्हनते, हे बांबूचं हाये. मानसाचं नाई."

दुपारी पळसाच्या पानांवर जेवणे वाढली गेली. लालसू सवयीने ओळीपासून लांब, झाडाखाली बसला. गायत्याने स्वतःच्या शेजारची जमीन हाताने झाडली आणि वर न पाहता तिथे एक पान मांडले. लालसू उठला, येऊन बसला. मी त्याच्या दुसऱ्या बाजूला होतो. त्याने पहिला घास घेतला. मग मीही घेतला.

पहिल्या खेपेला मी बांबूवर चार परिच्छेद पाठवले. त्यांत हे नव्हते. लालसूने ढिगातून काढून दिलेल्या पेनाने ते येथे लिहिले आहे.